शेणावरची छत्री

सहादू गुरुजी मूळचे नाशिक रोडचे. त्र्याहत्तर साली सुरगाण्याकडच्या एका पाड्यावर त्यांची नेमणूक झाली, तेव्हा त्यांनी दोन ट्रंका आणि अंधश्रद्धेविरुद्धचा बराच राग सोबत आणला.

पाड्यावर अळंबीच्या बाबतीत शेवटचा शब्द तानुबाईचा. तिच्या टोपलीतली वारुळावरची अळंबी बाजारात लोक निरखून न बघताच घेत. एका श्रावणी सकाळी गुरुजींनी शाळेमागच्या शेणावर उगवलेल्या पिवळसर तपकिरी छत्र्या तिला दाखवल्या.

"ही नाय खायाची, गुरुजी. देठाला कडं हाय बघा. अन् दाबली का निळी पडती. खानारा भलतंच बघतो."

"मार बसला की माणूसही निळा पडतो, तानुबाई. म्हणून काय तो विषारी?"

या विनोदाला गुरुजी स्वतःच हसले, कारण तिथे तिसरं कोणी नव्हतं. विषारी अळंबीत चांदी शिजवली की काळी पडते, असं त्यांनी एका मासिकात वाचलं होतं. त्यांनी त्या छत्र्या स्टोव्हवर शिजत ठेवल्या आणि आईने दिलेला चांदीचा रुपया पातेल्यात टाकला. रुपया लखलखीत राहिला.

"याला म्हणतात विज्ञान."

गुरुजींच्या शब्दाला मान म्हणून तानुबाईने पातेलं घरी नेलं आणि अळंबी खाल्ली. गुरुजींनी मात्र चव घेतली नाही. त्या दिवशी त्यांची संकष्टी होती. विज्ञानाचं आणि उपासाचं त्यांच्याकडे भांडण नव्हतं.

दुपारी तानुबाई अंगणात बसून खदाखदा हसत होती. मग रडायला लागली. कुडाची भिंत श्वास घेतेय म्हणाली, आणि सहा वर्षांपूर्वी वारलेल्या नवऱ्याला वाढायला उठली. भूत उतरवायला भगताने एक कोंबडं घेतलं. दिवस मावळायच्या आत ती आपोआप भानावर आली आणि श्रेय भगताला मिळालं.

"काय खाल्लंस गं?" पोलीस पाटील कारभारी यांनी सगळ्यांसमोर विचारलं.

तिने दारात उभ्या गुरुजींकडे पाहिलं. "माजीच नजर चुकली. वारुळाची समजून शेनावरची उचलली."

गुरुजी गप्प राहिले. पाडा नुकताच देवीची लस टोचून घ्यायला तयार झाला होता; आता गुरुजींचा शब्द खोटा पडला तर लोक पळतील, असं त्यांनी मनाशी ठरवलं. लस टोचून झाली. मग शाळेची तपासणी आली, मग विज्ञान प्रदर्शन. दर वर्षी कारण नवं आणि सबळ असे. तानुबाईच्या टोपलीला मात्र गिऱ्हाईक उरलं नाही. ती मोळ्या विकू लागली. समोरून दिसली की गुरुजी ओढ्याची वाट धरत.

एक्याऐंशीच्या भाद्रपदात बदली झाली. निरोप समारंभात गुरुजी उठले आणि रुपयासकट सगळं सांगून टाकलं. "चूक माझी होती. तानुबाईची नजर कधीच चुकली नव्हती."

मग कारभारी उठले. "बघा रं! जाता जाता म्हातारीचा डाग सवताच्या अंगावर घेतला. असा देवमानूस पुन्हा नाय मिळायचा!"

टाळ्या झाल्या. गुरुजींना शाल मिळाली.

जीपजवळ तानुबाईने पानात बांधलेली अळंबी पुढे केली. "वारुळाची हाय. हितं कोन घेत नाय."

"तानुबाई, मी खरंच बोललो हो."

"मला ठावं हाय. पन तवाच बोलला असता, तर त्यांनाबी पटलं असतं."

संध्याकाळी नाशिक रोडच्या घरी गुरुजींनी अळंबी स्वतः निवडली, स्वतः शिजवली.

"अहो, आज संकष्टी ना?" बायको म्हणाली. "चंद्र तरी उगवू द्या."

"माहीत आहे," गुरुजी म्हणाले, आणि ताटलीतली सगळी अळंबी खाऊन संपवली.