पंक्चरवाल्याचा कान

साखळी गावाच्या वाटेवरचा आमचा पंक्चरवाला आधी टायरला कान लावून भोक शोधतो. पाण्याची बादली आहे, पण ती गिऱ्हाइकाची खात्री पटवायला. माझ्या घरातला पहिला पदवीधर मी. धुळीपायी खाणीचे ट्रक गावातून बंद करण्याचा ठराव मीच लिहिला. ग्रामसभेआधी पंक्चरवाल्याने तो माझ्याकडून दोनदा वाचून घेतला.

“म्हणजे माझं अर्धं दुकान गेलं मरे, ग्रॅज्युएट?”

“अर्ध्याहून जास्त,” मी खरं ते सांगितलं.

सभेत पहिला हात त्याचाच वर गेला, ग्रीसने काळा झालेला. ठराव मंजूर झाला.

दुसऱ्या दिवशी तो दुकानाच्या पाटीवरच्या ‘ट्रक’ या शब्दावर रंग फासत होता. मी काही विचारण्याआधीच म्हणाला, “स्कूटरचं भोक बारीक असतं मरे. ऐकायला शांतता नको?”