नवरीच्या आधी धरणाले हळद

आमच्या गावचं धरण लहानसं. पण सारं गाव त्याचंच पाणी पेते, अन् यंदा ते खालून गळू लागलं. तिकडं माह्या ताईचं लग्न वैशाखात ठरलेलं. तिचे सासरे धाड गावचे. त्यायनं फोनवर सरळ सांगतलं, "पाणी टिकलं तर लग्न तुमच्या दारात, नाही तं आमच्या." तवापासून माय रोज धरणाची तब्येत विचारे, जसं काही ते दवाखान्यात भरती हाय.

इंजिनिअर साहेब आले. त्यायचा आवाज मी बरोबर काढतो. नाकातून बोलायचं अन् मधातच पँट वर ओढायची. "पाण्यात भिंतीच्या कडेनं रंग टाका. खालून रंगीत पाणी जिथं निघेल, तिथं भोक."

झालं. कोणता रंग, याच्यावर पारावर सभा बसली.

सरपंच म्हणे, "माह्या घरी निवडणुकीचा गुलाल पडेल हाय."

हरलेला उमेदवार उठला. "तुह्या विजयाचं पाणी मी पेऊ काय बे?"

आमच्या शेजारचे काका म्हणे, "आमच्याकडं जयंतीचा निळा हाय."

मी म्हटलं, "काका, धरण आधीच निळं दिसते. त्यात निळा कसा दिसन?"

काका विचारात पडले. "हाव, ते बी खरं हाय."

मंग सारे माह्याकडं पाहू लागले. लग्नाची हळद आमच्याच घरी दळून ठेवलेली होती.

सारे आमच्या घरी आले, तं माय दारात आडवी झाली. "नवरीच्या आधी धरणाले हळद लावता काय?"

आतून ताई म्हणे, "दे वं माय. धाडले लग्न झालं तं माह्या मैतरणी येतीन काय?"

हळद टाकली. सारं गाव भिंतीच्या खालच्या अंगानं उकिडवं बसून भिंतीकडं पाहून राह्यलं. दोन बायायनं तं हळदीचं गाणंही सुरू केलं. दुसऱ्या कडव्याले एका घुशीच्या बिळातून पिवळं पाणी निघालं. साहेबायच्या सांगण्यावरून आतल्या बाजूनं काळी माती ठोकून ठोकून भरली.

पंधरवड्यानं ताईचे सासरे आले. घरी न येता सीधे धरणावर. या टोकापासून त्या टोकालोक चालले, खाली उतरले, बिळापाशी बसले अन् चिमटीत माती घेतली. आम्ही सारे त्यायच्या मांगं मांगं.

"कोरडी हाय," ते म्हणे. "टाका मांडव तुमच्या दारात."

मायनं व्याह्याले सोडून आधी धरणालेच हात जोडले.