शेजारच्या टेबलावरचं अपील

कचेरीच्या भिंतीला लागून आमची दोन टेबलं. एक माझं, एक कोरडीबाईचं. धंदा एकच, लोकांचे अर्ज टाइप करून देण्याचा. ‘कोरडीबाई’ हे नाव मीच ठेवलंय, कारण तिच्या अर्जात ना गहिवर, ना काकुळती. नुसतं काय झालं ते. तरी रांग तिच्यापुढे आणि मी माशा मारत बसतो. माझ्या पोटात दुखतं, आता लपवून काय करू?

तिची एक खोड आहे. टाइप झालं की अर्ज गिऱ्हाइकालाच मोठ्यानं वाचायला लावते. जिथं आवाज अडखळेल, ती ओळ खोडते. “तुम्हालाच पटत नाही, तर साहेबाला काय पटणार?” बारा वर्षं हे ऐकून माझे कान किटलेत. तिनं लग्न केलं नाही, भावाची दोन मुलं शिकवली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. नाव ठेवायला जागा म्हणून ठेवत नाही ही बाई.

माझी मुलगी परदेशात शिकते. सुट्टीत घरी आली आणि मागोमाग नोटीस आली. हजेरी कमी आहे, व्हिसा रद्द का करू नये? मुलगी म्हणाली, बरं नव्हतं. एवढ्यावर माझं भागतंय होय? नोटिशीच्या उत्तरात मी तिच्या आजीला अंथरुणाला खिळवलं, काळजीनं तिकडे नातीचं अन्नपाणी तोडलं, दोन पानं भरली. आजी तेव्हा माझ्याच शेजारी बसून मटार सोलत होती.

उत्तर आलं, आजारपणाचा पुरावा नाही, व्हिसा रद्द. अपिलाला पंधरा दिवसांची मुदत. ती हुकली तर पोरीचं अख्खं वर्ष पाण्यात.

मी अपिलातही आजीलाच धरून बसलो. आठव्या दिवशी जेवून परत येतो, तर माझी मुलगी कोरडीबाईसमोर उभी. माझ्याकडे पाठ. मोठ्यानं वाचत होती.

“सुरुवातीला मला वर्गात काही कळत नव्हतं. लाज वाटायची, म्हणून मी खोलीतच बसून राहायचे. नंतर शिक्षिकेनं मदत केली, तेव्हापासून एकही तास चुकवलेला नाही. त्यांचं पत्र जोडलं आहे. आजीच्या आजारपणाचं उत्तर खोटं होतं. ते वडिलांनी लिहिलं आणि मी सही केली. खरं कारण मी त्यांना सांगितलंच नव्हतं. त्यांनी ते सजवलं असतं.”

कुठंच अडखळली नाही. एकही ओळ खोडली गेली नाही.

मी भिंतीआड थांबलो. पोरगी तास बुडवत होती, याचा राग नव्हता. पण माझ्या पोटची पोर मनातलं जाऊन सांगते कुणाला, तर हिला? माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

संध्याकाळी मुलगी म्हणाली, “बाबा, अपील पाठवलं.”

“बरं केलंस,” मी म्हणालो. कुणी लिहिलं, हे विचारायची छाती झाली नाही.

दीड महिन्यानं व्हिसा परत मिळाला. चहावाला म्हणाला, “घरातच अर्ज लिहिणारा बाप, मग काय चिंता?”

“हातात कला लागते,” मी म्हणालो.

कोरडीबाई दोन हातांवर बसली होती. तिनं ऐकलं, माझ्याकडे एकदा पाहिलं आणि टाइप करत राहिली. तिनं मला चारचौघांत खोटं पाडलं असतं, तर निदान तिच्याशी भांडता तरी आलं असतं.