त्या तारखेचा पेपर

सासूनं माझं मनगट धरलं आणि हापशाच्या दगडावर आपटलं. एकदा. दोनदा. बांगडीच्या काचेचा तुकडा आत घुसला. शेजारच्या दोघी मला मागून धरून होत्या. मग सासूनं माझ्या कपाळावरचं कुंकू पुसलं. तिचा एकुलता एक लेक कुवेतला मेला होता. पेपरात तसं आलं होतं. अर्ध्या तासापूर्वी रावसाहेबांनी पारावर बसून ते साऱ्या गावाला वाचून दाखवलं होतं.

साल नव्वदचं. इराकचं सैन्य कुवेतमध्ये घुसून महिना होत आला होता. माझा नवरा गवंडी. परभणीच्या एका मिस्त्रीनं त्याला बरोबर नेलं होतं, दीड वर्षापूर्वी. दोन पत्रं आली होती. दुसऱ्या पत्रात लिहिलं होतं की इथं ऊन आपल्यापेक्षा जास्त आहे आणि भिंती आपल्यापेक्षा सरळ लागतात. त्यानंतर काहीच नाही. लढाई लागल्याचंही मला उशिरा कळलं.

आमचं गाव सेलू तालुक्यात, देवगाव फाट्यापासून दोन कोस आत. गावात पेपर एकच यायचा. सकाळची एस्टी फाट्यावर गठ्ठा टाकायची, रावसाहेबांचा सालगडी सायकलवर तो घेऊन यायचा. गावात सगळ्यात जास्त जमीन रावसाहेबांची. निजामाच्या काळात उर्दू शाळेत शिकलेले, आवाज खणखणीत. मारुतीसमोरच्या पारावर ते लोडाला टेकून बसायचे आणि मोठ्यानं वाचायचे. त्यांच्या भावकीतले पारावर. मेंढरंवाले धनगर पायरीवर. आमचे लोक नालीच्या पलीकडं, उकिडवे. बाईनं तिथं थांबायचं नसतं. मी डोक्यावरचा गवताचा भारा हौदाच्या कठड्यावर टेकवायची, दम खाल्ल्यासारखं करायची आणि कान टवकारायची.

दुसऱ्या दिवशी तोच पेपर किराणा दुकानात रद्दीला जायचा. आमच्या भीमनगरात जगाची बातमी यायची ती तिखटामिठाच्या पुडीतून. शिळी, अर्धी फाटलेली, हळदीचे डाग पडलेली. मी चौथी शिकलेली. पुडी सोडली की कागद सरळ करून वाचायची. अमेरिकेचं अर्धं वाक्य मिळायचं, उरलेलं अर्धं कुणाच्या तरी डाळीबरोबर गेलेलं असायचं.

लढाईचं कळल्यावर मी एकदा धीर करून विचारलं होतं, "मालक, कुवेतचं काय आलंय का?"

रावसाहेबांनी चष्म्यावरून पाहिलं. "तुला कशाला पायजे कुवेत? तुझी दुनिया चुलीपासून हापशापस्तोर. तेवढी सांभाळ."

सगळे हसले. मी भारा उचलून निघाले. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, तिसऱ्या दिवशी पुन्हा. लाज वाटत नव्हती असं नाही. लाजेपेक्षा भीती मोठी होती. तो तिकडं कुठं असेल, काय खात असेल, कुणी मारलं असेल का, या एकाच विचारानं माझं डोकं फिरत होतं. गावात माझ्या जिवाची खबर एकाच माणसाच्या तोंडून येणार होती आणि ते तोंड त्याच्या मर्जीनं उघडत होतं.

एके दिवशी पेपर आला नव्हता. रावसाहेब तरीही वाचत होते. मला सगळं आधी ऐकल्यासारखं वाटलं. आणि मी बोलून गेले. "मालक, त्याच्यावर तारीख कितीची हाय?"

मग पायरीवरचा म्हातारा धनगर हसला. "पोरगी बराबर इचारायलीय. हे कालच ऐकलंय की मी." पारावरचेही दोघेतिघे हसले. रावसाहेबांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. मला ते दिसलं. पण त्याचं पुढं काय होणार हे दिसलं नाही.

दोन दिवसांनी त्यांनी पेपर उलटा धरून सगळ्यांना एक चित्र दाखवलं. सैनिक होते, तोंडावर नळीचे मुखवटे. मग पेपर सरळ केला, माझ्याकडं एकदा बघितलं आणि वाचू लागले. "कुवेत. हिंदुस्थानी मजुरांनी भरलेला ट्रक बाँबगोळ्याने उडाला. मृतांमध्ये परभणी जिल्ह्यातील एक गवंडी असल्याचे समजते."

भारा हौदात पडला. त्यानंतरचं मला आठवतं ते हापशाच्या दगडापासून.

आम्हाला एक गोष्ट ठाऊक नव्हती, म्हणून हे झालं. बोलताना माणूस खोटं बोलतो हे आम्हाला माहीत होतं. सावकार बोलतो, पुढारी बोलतो. पण वाचतानाही माणूस खोटं वाचू शकतो, हे आमच्या कुणाच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. वाचायचा आवाज वेगळा असतो. तो आवाज लागला की आमचे लोक मान खाली घालायचे. छापलेलं आहे, मग खरंच असणार. पाच पिढ्यांना अक्षर शिवू दिलं नाही, त्यामुळं अक्षराला आम्ही देवाच्या वरचं समजत होतो. बाबासाहेबांनी आम्हाला देवाच्या तावडीतून सोडवलं. या तावडीतून आमचं आम्हाला सुटायचं होतं.

पाच दिवस घरात रडारड. भेटायला येणाऱ्यांना चहा करावा लागे. पाचव्या दिवशी मी चहापत्तीची पुडी सोडली आणि कागद चुलीत टाकणार, तेवढ्यात नळीचे मुखवटे दिसले. तेच सैनिक. तेच चित्र.

मी कागद पाटावर पसरला. चित्राखाली कुवेतची बातमी अर्धी होती. ट्रकचं काही नव्हतं. उरलेल्या अर्ध्यात असेल म्हणून मी तशीच उठले. सुतकातली बाई उंबरठा ओलांडते म्हणून सासू ओरडली. मी दुकानात गेले, कागदावरची तारीख दाखवली आणि म्हणाले, या तारखेचा सगळा पेपर द्या. दुकानदाराला काय वाटलं कुणास ठाऊक. माझं कपाळ बघून असेल. त्यानं रद्दीतून उरलेली सगळी पानं आणि माझ्या पानाचा दुसरा अर्धा तुकडा काढून दिला.

विहाराच्या ओट्यावर बसून मी भर दुपारी तो पेपर वाचला. पहिल्या ओळीपासून. अक्षरावर बोट ठेवून. बाजारभाव वाचले, सिनेमाच्या जाहिराती वाचल्या, हरवलेल्या म्हशीची जाहिरात वाचली. दोनदा वाचला. ट्रक नव्हता. बाँबगोळा नव्हता. परभणीचा गवंडी नव्हता. कुवेतमधून निघालेले आपले मजूर वाळवंटातून जॉर्डनच्या सीमेवर पोचत आहेत, छावण्यांत पाणी कमी आहे, अम्मानहून विमानं त्यांना मुंबईला आणत आहेत. एवढंच होतं.

मला आनंद झाला नाही. आधी घेरी आली. मग त्या माणसाचा गळा धरावासा वाटला. खरं सांगते, तेव्हा हातात विळा असता तर मी आज ही हकीकत सांगायला बाहेर नसते.

मी पारावर गेले. सकाळचीच मंडळी चहा पीत बसली होती. पानं समोर ठेवली. "मालक, ह्याच्यात ट्रक कुठं हाय ते दावा."

रावसाहेबांनी पानांकडं बघितलंही नाही. "अगं, गंमत केली. तुला तारखा लय कळायल्यात म्हनून बघितलं जरा. तू लगीच बांगड्या फोडून बसलीस, त्याला मी काय करू? तुमी लोक लय हलक्या कानाचे."

गंमत.

दोघे हसले. बाकीचे जमिनीकडं बघत राहिले. म्हातारा धनगर काठी टेकत उठला आणि निघून गेला. तो काही बोलला असता तर बरं झालं असतं. पण त्यालाही त्याच्या मेंढरांना रावसाहेबांच्याच रानात बसवायचं होतं.

मी म्हणाले, "मग आता मी वाचते. तुमी ऐका." आणि पाय पारावर ठेवला.

त्या दगडावर आमच्या कुणाचा पाय आजवर पडला नव्हता. मी उभी राहिले आणि वाचायला लागले. चौथीचं वाचन. अडखळत. जॉर्डन. छावणी. अपुरे पाणी. अम्मान. तिसऱ्या ओळीला कुणीतरी ओरडलं, "उतर खाली, म्हारवाड्यातली सटवी." मी चौथी ओळ वाचली. मग माझेच चुलतसासरे धावत आले, त्यांनी दंड धरून मला खाली ओढलं आणि रावसाहेबांपुढं हात जोडले. घरी येईपर्यंत ते एकच म्हणत होते, "अठ्ठ्याहत्तर इसरलीस का? पुन्हा पेटवून घ्यायची का वस्ती?"

मी विसरले नव्हते. अठ्ठ्याहत्तरला मी माहेरी होते, पंधरा वर्षांची. विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव द्यायचा ठराव झाला आणि गावात कुणीतरी म्हणालं, पेपरात आलंय, शहरात त्या लोकांनी देऊळ बाटवलं. बास. पेपर कुणी बघितला नाही, मागितलाही नाही. दिवस मावळायच्या आत आमची सात घरं जळाली. माझ्या बापानं विहिरीच्या काठानं पळताना मला पाठीवर घेतलं होतं, पंधरा वर्षांच्या पोरीला. त्याचा पाय त्या दिवसापासून गेला. मला बारा वर्षांनी कळलं की त्या संध्याकाळी आमची घरं जाळणाऱ्यांना विचारायला एकच प्रश्न होता. कुणी बघितलं? तो आम्हीही विचारला नाही. आम्ही फक्त पळालो.

पारावर पाय ठेवल्याची शिक्षा झालीच. गावात मला कुणी रोजानं लावेना. दुकानदाराला रद्दी द्यायची नाही अशी ताकीद मिळाली. मग मी रोज सकाळी दोन कोस चालत फाट्यावर जाऊ लागले. तिथल्या चहाच्या टपरीवर पेपर असायचा. टपरीवाल्यानं माझा कप वेगळा खुंटीला अडकवलेला दाखवला. मी म्हणाले, चहा नको, पेपर दे. बाहेर उभी राहून वाचायची. रानात काम मिळालं तर फाट्याजवळच्या रानात करायची आणि परत यायची.

रोज वाचता वाचता डोकं थंड होत गेलं. काळीज नाही, फक्त डोकं. लढाईच्या बातमीत काय बघायचं ते कळू लागलं. आधी तारीख. मग गाव. मग सांगणारा कोण. सरकारनं सांगितलं ते वेगळं, पळून आलेल्या मजुरानं सांगितलं ते वेगळं. दोघांचं जुळतं का ते बघायचं. 'समजते' लिहिलं असेल तर कुणाला समजते ते शोधायचं, आणि सापडलं नाही तर ती बातमी बाजूला ठेवायची. एकाच दिवशी रडायचं नाही आणि नाचायचंही नाही. तेल महाग होणार असं छापून आलं, तर आपल्या रॉकेलच्या रांगेचं काय होईल ते वस्तीत आधी सांगायचं. विहाराच्या भिंतीवर मी खडूनं लिहायला लागले. काय झालं. कोण म्हणतं. काय माहीत नाही. तिसऱ्या भागात रोज पहिलं नाव माझ्या नवऱ्याचं असायचं.

विमानं येत राहिली, मग थांबली. परभणीचा मिस्त्री परतला. मी त्याला भेटायला गेले. तो म्हणाला, सीमेवर येताना गर्दीत आमची ताटातूट झाली, त्यानंतर मी त्याला पाहिलं नाही. जिवंत होता? होता. शेवटचा कधी दिसला? सकाळी. मी ते लिहून घेतलं. कलेक्टर कचेरीत अर्ज दिला, मंत्रालयाला पाठवला. उत्तर आलं, चौकशी चालू आहे. दुसरा अर्ज दिला. चौकशी चालू आहे. तिसऱ्याला उत्तरच नाही.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत विद्यापीठाला नाव मिळालं. त्या दिवशी पुन्हा पारावरून आरोळी उठली, परभणी पेटली, आता इकडं येतात. वस्तीत बाया भांडी बांधायला लागल्या. चुलतसासरे बैल जुंपत होते. मी बैलगाडीपुढं उभी राहिले. "कुणी बघितलं? कोण आलं परभणीहून?" कुणीच आलेलं नव्हतं. मी म्हणाले, मी फाट्यावर जाऊन येते, तोवर कुणी हलायचं नाही. परभणीहून आलेल्या एस्टीच्या कंडक्टरला विचारलं, दोन प्रवाशांना विचारलं, पेपर वाचला, परत आले आणि भिंतीवर लिहिलं, परभणी पेटलेली कुणीच बघितलेली नाही. कोणी हललं नाही. त्या रात्री भीमनगरात कुणाचंही घर रिकामं नव्हतं.

विद्यापीठाला नाव मिळालं म्हणून लोक जयभीम करत होते. गुलाल उधळत होते. सासू गर्दीतून वाट काढत माझ्यापाशी आली. तिला आता नीट दिसत नव्हतं.

"अन् माझ्या लेकाचं?"

"न्हाई आलं, आत्याबाई."

"मग मेला म्हन ना एकदाचा. लय झालं आता. मी जायच्या आत मला त्याचे दिवस तरी घालू दे."

मी तिला खाली बसवलं. तिचे हात धरले. ती रडत होती, मलाही रडू येत होतं, आणि तरीही मी 'मेला' हा शब्द तोंडातून काढला नाही. मला आशा आहे असं कुणी समजू नये. आशा केव्हाच आटली. तो बहुतेक त्या वाळूत कुठंतरी पडला असेल, पाण्यावाचून. हे मला रोज सकाळी फाट्याच्या वाटेवर वाटतं. पण वाटणं म्हणजे माहीत असणं नव्हे, आणि माझ्या माणसाचं मरण मी परत कुणाच्या तोंडून उधार घेणार नाही. रावसाहेबाच्या नाही, सरकारच्या नाही, माझ्या थकलेल्या मनाच्याही नाही. ज्याला तो मेला असं म्हणायचं आहे, त्यानं तारीख सांगावी, जागा सांगावी, बघणाऱ्याचं नाव सांगावं. ते जमत नसेल तर माझ्यापुढं तोंड उघडू नये.