भिंतीकडे तोंड केलेले स्पीकर

गेल्या हिवाळ्यात मी स्वतःच्या हाताने दोन स्पीकर बनवले आणि बैठकीच्या खोलीत भिंतीकडे तोंड करून उभे केले. पाहुण्यांच्या वाट्याला त्यांची प्लायवूडची पाठ.

"शाळेत शिक्षा झालेल्या पोरांसारखे दिसतात," बायको म्हणाली. "काहून असे ठेवले?"

मी याच प्रश्नाची वाट पाहत होतो. एकदा एका मैफलीत मला खांबामागची खुर्ची मिळाली होती. गायिकेचं नखही दिसत नव्हतं, पण आवाज चहूबाजूंनी येत होता, जणू मी त्यात बुडून बसलो होतो. सभागृहात गळ्यातून थेट कानात येतो तो आवाज थोडाच. बाकीचा भिंतींवर, छतावर आपटून जरा रेंगाळत येतो, आणि गाणं भरदार होतं ते त्यामुळे. मग वृंदावन योजना वसाहतीतल्या आमच्या घराच्या भिंतीनेच काय पाप केलं होतं? हे सगळं मी उभं राहून, हातवारे करून सांगितलं. बायकोने मटार सोलता सोलता ऐकलं आणि अट घातली.

"रविवारी शेजारचे चाचा चहाला येतात. त्यांनी 'वाह' म्हटलं तर राहू द्या. नाहीतर बाल्कनीत."

चाचा निवृत्त गृहस्थ, गाण्याचे पक्के शौकीन, आणि 'वाह'च्या बाबतीत भलते कंजूष. मला स्पीकर वाचवायचे होतेच, पण खरं सांगायचं तर ती 'वाह' जास्त हवी होती.

रविवारी चाचा आले आणि बसायच्या आधीच थबकले. "भाईसाहब, ये तो मेहमानों से मुँह फेरे खड़े हैं." मी तोंड उघडेपर्यंत त्यांनी दोन्ही स्पीकर अगदी अदबीने आमच्याकडे वळवले. गाणं लागलं. चाचांनी कान चोळला.

"आवाज़ चुभती है."

बायकोने बाल्कनीकडे बघितलं. मी आणखी एका रविवारची मुदत मागितली. त्या रविवारीही तेच झालं. पाहुण्याला पाठ दाखवणारी वस्तू चाचांना बघवतच नव्हती.

मी बाल्कनीतल्या कुंड्या सरकवायला घेतल्या. तेवढ्यात बायको अमीनाबादच्या बाजारातून आली. पिशवीत ब्लाउजपीसच्या खाली काळं जाळीचं कापड.

"हातोडी द्या. आणि भाषण नको."

तिने स्पीकरच्या पाठीवर ते ताणून बसवलं, चारी बाजूंनी बारीक चुका ठोकल्या.

"असे भिंतीकडे तोंड करून ठेवले की पोळ्या लाटतानाही छान ऐकू येतं," ती म्हणाली. "तेवढ्यासाठी."

पुढच्या रविवारी चाचा दारातच खूश झाले. "हाँ, अब हुई न बात. मुँह इधर." ते ऐटीत बसले. गाणं लागलं, भिंतीवर गेलं आणि तिथून सगळ्या खोलीत पसरलं. चाचांनी डोळे मिटले. चहावर साय धरली.

"वाह," ते म्हणाले. मग माझ्याकडे वळून, मास्तरांच्या मायेने, "देखा? सीधा रखने से कितना फ़र्क़ पड़ता है."

सभागृह, खांब, छत, सगळं माझ्या जिभेच्या टोकावर आलं. बायकोने कचोऱ्यांची बशी पुढे केली.

"अहो, खस्ता घ्या ना."

मी घेतला. अख्खा तोंडात कोंबला.

स्पीकर बैठकीतच आहेत. चाचा येतात, खोट्या जाळीवरची धूळ रुमालाने टिपतात, आणि गाण्यातली आवडीची जागा आली की कान अगदी त्या जाळीजवळ नेतात.