भीत कुणाची हाय?

आई गेली, आणि तिचा फोटो टांगायला घरातल्या भिंतींना एक खिळा नव्हता.

एकही नाही.

सुरतमधल्या उधन्याचा हा फ्लॅट आमचा स्वतःचा आहे. मी शाळेत होते तेव्हापासूनचा. तरी कॅलेंडर फ्रिजवर, आरसा कपाटाला टेकवलेला, घड्याळ टीव्हीशेजारी आडवं.

आम्ही मूळ अकोल्याकडचे. बाबा फौजेत हवालदार होते, त्यामुळे माझं लहानपण छावण्यांत गेलं. झाडांच्या बुंध्यांना गेरू आणि चुना, वेळेवर पाणी, दारात शाळेची गाडी.

शिंपी, दूधवाला, किराणावाला, छावणीबाहेरचं अख्खं गाव आमच्यावर जगायचं. युनिट हललं की आम्हाला विसरून नव्या युनिटची वाट बघायचं.

गावाचा काय दोष? छावणीत कायमचं कोणी राहायला येतच नाही. तिथे म्हातारं झालेलं माणूस मी पाहिलं नाही.

पहिल्याच क्वार्टरमध्ये, नवी नवरी असताना, आईने भिंतीवर तिच्या आई-वडिलांचा फोटो लावला होता. क्वार्टर परत करताना इन्स्पेक्शनला भोक दिसलं. बाबांना चारचौघांत ऐकून घ्यावं लागलं.

घरी येऊन ते आईवर ओरडले, "भीत तुह्या बापाची हाय का?"

त्यानंतर तिने हातोडीला हात लावला नाही.

रिटायर होऊन बाबा सुरतला एका मिलच्या गेटवर सिक्युरिटीत लागले. घर घेतलं.

मी म्हणायचे, "आई, आता तरी लाव काहीतरी."

"राहू दे व. परत करतानी बोलनं खा लागते."

"अगं, कुणाला परत करायचंय?"

ती नुसती हसायची. मला चीड यायची त्या हसण्याची.

आज तिसरा दिवस. शेजारचे गुजराती काका ड्रिल घेऊन आले, भोक कुठे पाडायचं विचारू लागले. "बेन, होल क्यां करवानुं छे?"

बाबा उठले. पलंगाखालची काळी ट्रंक ओढली आणि तळातून, टॉवेलात गुंडाळलेला, तोच जुना फोटो काढला.

म्हणजे तो कुठे आहे हे त्यांना ठाऊक होतं. इतकी वर्षं.

ड्रिल नको म्हणाले. हातोडी घेऊन स्वतः दोन खिळे ठोकले. एक तिच्या आई-बापासाठी, एक तिच्यासाठी. भिंतीचा पोपडा पडला. कुणी उचलला नाही.

मग तिच्या फोटोकडे बघत म्हणाले, "ठोक व आता. पाहिजे तेवढे ठोक. भीत तुहीच हाय."

ऐकायला ती नव्हती.

आता भिंतभर खिळे ठोकले तरी काय उपयोग?

तुझ्याच घरातून तुला निरोप, आई.