बोलता येईल इतकंच पळायचं

आमच्या लग्नाला सव्वीस वर्षं झाली आणि सव्वीस वर्षं आमचे हे माझा 'हौ' दुरुस्त करतायत. मी काचीगुड्याची. आमचं मराठी चार पिढ्या उर्दू-तेलुगूत मुरलेलं. आम्ही 'हो' म्हणत नाही, 'हौ' म्हणतो, आणि नको असलं की 'नक्को'. हे पुण्याचे, कॉम्प्युटरच्या नोकरीसाठी इकडे आलेले. "हो म्हण गं. हौ काय, बैल थांबवतेयस?" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता कानाला लागतसुद्धा नाही.

पण त्यांचं ते शुद्ध मराठी एका जागी अगदी कुचकामी ठरतं. दुखतंय का विचारलं की उत्तर ठरलेलं: "छे, काही नाही." दोन वर्षांपूर्वी सकाळी छाती धरून बसले, घामाने बनियन चिंब, तरी म्हणे ॲसिडिटी. त्या 'काही नाही'ने आमचे चार तास खाल्ले. स्टेंट घातल्यावर डॉक्टर मला म्हणाले, "अजून थोडा उशीर झाला असता तर..." वाक्य त्यांनी अर्धंच सोडलं. ते मी रोज मनात पूर्ण करत असे.

आणि अशा माणसाला हाफ मॅरेथॉनचं खूळ! एकवीस किलोमीटर! "डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" मी विचारलं. पण हे वर्षभर चालले, मग हळूहळू पळायला लागले, तपासण्या दोनदा झाल्या आणि शेवटी डॉक्टरांनीच परवानगी दिली. अटी तीन. सावकाश पळायचं. पळताना बोलता आलं पाहिजे. आणि छातीत जरा काही वाटलं की तिथल्या तिथे थांबायचं. मी म्हटलं, मग मीपण पळणार. पळायची मला हौस नव्हती. ह्या माणसावर विश्वास नव्हता, एवढंच.

बेत ह्यांनी वहीत लिहून काढला. सुरुवात सगळ्यांच्या मागून करायची. नऊ मिनिटं पळायचं, एक मिनिट चालायचं. पहिले दहा किलोमीटर कुणाच्याही पुढे जायचं नाही, मग ती आजीबाई असली तरी. "म्हणजे हल्लू," मी म्हटलं. "हळू," ते म्हणाले. बोलता येतंय की नाही हे बघायला पाढे म्हणायचे, मोठ्याने. धाप लागली तर पाढा अडकतो, लबाडी चालत नाही. ही युक्ती मात्र माझी होती. आणि ऐन वेळी ह्यांनी आपला फोन माझ्या कमरेच्या पाऊचमध्ये टाकला, ओझं नको म्हणून. जिभेखाली ठेवायची गोळीही त्यातच होती.

सकाळी नेकलेस रोडवर ही गर्दी! आयोजकांनी सगळ्यांना एकाच नारिंगी रंगाचे टी-शर्ट दिलेले. नंबर छातीवर, पाठी सगळ्या सारख्या. पळायला लागलो तसा मी कान लावला. "तेरा एके तेरा, तेर दुणे सव्वीस, तेर त्रिक एकोणचाळीस..." आवाज खणखणीत. आजूबाजूची पोरं हसत होती. हसा लेको, म्हटलं, तुमच्या घरी अजून कुणाची नळी बुजली नाही. हुसेनसागराला वळसा घालून पूल चढलो, उतरलो. पाढा कुठे अडकला नाही. चौदा किलोमीटर झाले तेव्हा मला वाटायला लागलं, जमतंय की! तेच चुकलं. निम्मी भीती मी तिथेच खाली ठेवली.

पंधराव्या किलोमीटरच्या पाण्याच्या टेबलाशी दहा किलोमीटरवाल्यांचा लोंढा आमच्यात येऊन मिसळला. शेजारी एक मोठा स्पीकर ढणढण वाजत होता. मी दोन ग्लास घेतले, वळले, तर हे नाहीत.

डावीकडे बघितलं. उजवीकडे बघितलं. नारिंगी, नारिंगी, नारिंगी. "अहो!" मी ओरडले. चारपाच नवरे वळले, माझा त्यात नव्हता. आणि मग मला काय वाटलं सांगू? भीतीच्याही आधी राग आला. गेले पुढे! चांगलं वाटायला लागलं, बायकोचा काच कशाला, म्हणून गेले! दोन्ही ग्लास टाकले आणि पळत सुटले. नऊ मिनिटं, एक मिनिट, सगळा बेत मुसी नदीत गेला.

पुढे एक पाठ दिसली. तोच बांधा, तेच विरळ केस, उजवा खांदा जरा खाली. मी लोकांना कोपरं मारत गेले, ढकललंसुद्धा एकदोघांना. गाठून दंड धरला. भलताच माणूस. "क्या हुआ अम्मा?" तो म्हणाला. मला बोलता येईना. तेराचा पाढा म्हणून बघितला, 'तेर दुणे'च्या पुढे श्वास पुरेना.

आणि तिथे माझ्या डोक्यात उजेड पडला. मी जीव तोडून पळाले, तरी सापडले नाहीत. ह्यांना याहून जोरात पळताच येत नाही. म्हणजे हे पुढे नाहीतच. हे मागे आहेत. आणि गोळी माझ्याकडे आहे.

मी वळले आणि उलटी निघाले. समोरून हजारो माणसं अंगावर येत होती. "राँग साइड, आंटी!" "साइड हो जाओ!" कुणाचा खांदा लागला, कुणाची शिवी. एका मुलीने शिटी फुंकून अडवलं, तिला बाजूला सारलं. देवा, देवा, एवढंच तोंडात होतं, आणि देवाला पुढे काय सांगायचं तेही सुचत नव्हतं. एक किलोमीटर असेल. तेवढा लांब रस्ता मी जन्मात चालले नाही.

टेबलाच्या मागे, रिकाम्या खोक्यांच्या आड, दुभाजकाच्या कठड्यावर हे बसले होते. मी उभी होते तिथून वीस पावलांवर. तोंड राखेसारखं. ओठ हलत होते. अगदी जवळ गेल्यावर ऐकू आलं, "सतर त्रिक एक्कावन्न... सतर चोक..."

मी गुडघ्यांवर बसले. "अहो, दुखतंय का?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. आता म्हणतील 'छे, काही नाही', मला ऐकूसुद्धा आलं ते.

"हौ," ते म्हणाले.

मग मी रडले नाही, काही नाही. गोळी जिभेखाली ठेवली आणि असा काही आवाज काढला की स्पीकर बंद झाला. अँब्युलन्स दोन मिनिटांत आली. दुसरी एक नळी आकसली होती. दुपारच्या आत दुसरा स्टेंट बसला. "बसून राहिलात हे फार बरं केलंत," डॉक्टर ह्यांना म्हणाले, "आणि लगेच सांगितलंत." या वेळी त्यांनी वाक्य पूर्ण केलं.

दुसऱ्या दिवशी हे उशीला टेकून चहा पीत होते. मी विचारलं, "काय हो, हौ कधीपासून म्हणायला लागलात?"

"हो म्हणायला दम पुरत नव्हता," म्हणाले. सरळ कबूल करतील तर पुणेकर कसले! मी हसले. हे हसले नाहीत. कप खाली ठेवून चादरीची सुरकुती सारखी करत बसले.

"घाबरलो होतो गं," ते म्हणाले. "तू निघालीस तेव्हा तुझी पाठ दिसत होती. हाक मारून बघितली, मोठा आवाजच निघेना. म्हटलं, पाढा ऐकू आला तर वळशील. तेराचा संपवला, मग सतराचा घेतला."